परकं इंजिन

सरकारी टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. नाल्यापलीकडं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या धनगरवस्तीवर तो कधी आला नाही. शीला एकदा त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली होती. ड्रायव्हरनं डोकंही बाहेर न काढता सांगितलं, की वस्ती गावातच धरलेली आहे, तिला वेगळी खेप नाही. आणि गाडी ठरल्या वाटेवरून जरा हलली तरी तालुक्याला कळतं. एवढं बोलून त्यानं काच वर केली. काचेत शीलाला तिचंच तोंड दिसलं, धुळीनं माखलेलं, वर रिकामी घागर.

वस्तीच्या बाया नाला ओलांडून विहिरीवर पोचायच्या तोवर गावातल्यांचे पोहरे कधीच पडलेले असायचे. यांच्या वाट्याला तळचा गाळ. एकदा तर गावातल्या एका बाईनं शीलाचा दोर उचलून बाजूला फेकला आणि ऐकवलं, की इथं माणसाला पुरंना आन या मेंढरांना न्यायला आल्या. शीलानं दोर गुंडाळून घेतला आणि घागर उचलली. पण परतीच्या वाटेनं तिनं घागरीचा काठ इतका आवळून धरला होता, की घरी उतरवल्यावर बोटं सरळ होईनात.

आणि हे सगळं दारात स्वतःचा ट्रक उभा असताना.

ट्रक तिच्या सासऱ्यानं घेतलेला. मागच्या एका दुष्काळात निम्मा कळप मोडला आणि त्यातून हा जुना सहाचाकी आणला. त्यातून मेंढरं गेली, बिऱ्हाडं गेली, वस्तीवरची लग्नाची वऱ्हाडं गेली. सासरा वारल्यावर शीलाच्या नवऱ्यानं, त्रिंबकानं, मागच्या हौद्यात पाण्याची टाकी बसवली. औंदा वस्तीवरचे बहुतेक गडी धडधाकट मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरले होते. मागं राहिल्या होत्या बाया, म्हातारी माणसं, आणि चालू न शकणारी मेंढरं. त्यांच्यासाठी त्रिंबकानं पुंजारामआबाशी बोली केली. आबा मोठा शेतकरी, त्याच्या खालच्या वावरातल्या विहिरीला अजून पाणी होतं. पाणी न्या, आणि कळप परत आले की पेरणीआधी पहिल्यांदा माझ्या वावरात बसवा, असं ठरलं. लेंडीखतासाठी आबा कधीही तयार. बोली सरळ होती. पण थोड्याच खेपा झाल्या आणि आबाच्या बांधावर चढताना ट्रकनं पांढरा धूर ओकला, दोन हिसके दिले आणि बसला तो बसलाच. ट्रॅक्टरनं ओढून तो दारात आणावा लागला. इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर गेली होती. कन्नडच्या मिस्त्रीनं तीवरून बोट फिरवून दाखवलं आणि हात पुसले.

इंजिनाची सोय केली ती रामनं. राम म्हणजे त्रिंबकाचा धाकटा भाऊ. संभाजीनगरला वाळूजमध्ये एका कंपनीत कंत्राटावर होता, गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायचं काम करायचा. बायको मोनिकाला घेऊन एका खोलीत राहायचा. त्याचा फोन आला, की एका साइटवरची नवी गाडी उलटलीय, केबिन चेपलीय पण इंजिन ठणठणीत आहे, ओळखीनं मिळतंय. त्रिंबक एवढा खूश झाला, की ओळख कोणाची हे त्यानं विचारलंच नाही. शीलाच्या ओठावर आलं होतं. पण दोघं भाऊ फोनवर बोलत असताना मध्ये तोंड घातलं की त्रिंबक उखडायचा, म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढं फार राग आला.

इंजिन आलं. वस्तीवरच्या लिंबाला चेनकप्पी बांधून जुनं इंजिन वर उचललं, नवं खाली सोडलं. मिस्त्रीनं बुडाला नव्या पट्ट्या वेल्डिंग करून ते बसवलं, गिअरबॉक्स जुळवला, रेडिएटरचे पाइप ओढले. मग त्यानं वायरींचा जुडगा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. जुन्या ट्रकला वायरी त्या किती: बत्ती, भोंगा, सेल्फ. हे इंजिन वेगळंच होतं. याला किती डिझेल पाजायचं ते एक लोखंडी पेटी ठरवायची. ईसीएम म्हणायचे तिला. अंगावर जागोजागी सेन्सर, प्रत्येकाची वायर पेटीकडं धावलेली. ॲक्सिलरेटरच्या पायाखालीसुद्धा दांडी नाही, वायरीच. आणि तो सगळा जुडगा उलटलेली केबिन तोडताना कुणीतरी गॅस कटरनं मधोमध कापला होता. अर्ध्या वायरी इंजिनाकडं लोंबत होत्या, अर्ध्या पेटीकडं. टोकं जळून काळी झालेली.

"हे माझं काम नाय," मिस्त्री म्हणाला आणि सामान गोळा करून निघून गेला.

त्रिंबकानं त्या कटरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खिळी दाबून क्लिप सोडवली असती तर दोन हातांचं काम होतं. तेवढाही दम निघाला नाही भडव्याला, असं तो दिवसभर म्हणत राहिला.

राम सुट्टीला आला. त्यानं शर्ट काढून लिंबाला टांगला आणि जुडगा बाजेवर पसरला. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, पण प्रत्येकीच्या अंगावर बारीक नंबर छापलेला. इकडचा नंबर तिकडच्या नंबराला जोडायचा, टोकं खरवडायची, पीळ द्यायचा, वर कथलाचा डाग द्यायचा, मग टेप. नुसता पीळ देऊन टेप मारायची नाही, उन्हानं ढिली पडते. जुन्या ट्रकच्या बत्त्या-बित्त्यांच्या सगळ्या वायरी आधी काढून ठेवायच्या. रामनं पेडलाच्या वायरी स्वतः जोडून दाखवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जेवताना तो नेहमीसारखा बोलत नव्हता. सासूनं, सखूबाईनं, दोनदा विचारलं, काय रे झालं. तो म्हणाला, कंपनीत माणसं कमी करू राहिलेत.

त्रिंबकाचं वय चाळिशीच्या पुढं. लांबचं मेंढरू ओळखायचा, पण जवळचं दिसायचं नाही. त्यामुळं नंबर वाचायचं काम शीलावर आलं. ती दहावीपर्यंत शिकलेली होती. पहाटं नाल्यापलीकडून पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या, आजारी मेंढरांना पाला तोडून घालायचा, आणि ऊन चढलं की ट्रकच्या केबिनमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. पत्रा असा तापायचा की टेकलं की कातडी सोलायची. ती वायर उन्हाकडं धरायची, अंगठ्यानं काजळी पुसायची आणि नंबर सांगायची. खाली त्रिंबक इंजिनावर पालथा पडून त्या नंबराचं दुसरं टोक हुडकायचा. शेगडीत डागणी लाल व्हायची. कथलाचा वास नाकात बसला होता, भाकरीलाही तोच वास लागायचा.

एकदा तिनं तीनचा आठ सांगितला. अर्धा नंबर जळालेला होता. त्रिंबकानं जोड दिला, डाग दिला, टेप मारली, आणि पुढं खरा आठ सापडल्यावर पहिलं सगळं उसवावं लागलं. त्यात ती वायर बोटभर आखूड झाली. त्रिंबकानं पक्कड बॉनेटवर आपटली.

"शिकलेली म्हणून आणली," तो ओरडला, "आन साधा आकडा वाचता येईना."

वस्तीवरच्या बाया पाला तोडत होत्या. सगळ्यांनी ऐकलं. शीला केबिनमधून उतरली, कळशी उचलली आणि चालू लागली. ती वेळ पाण्याची नव्हती, विहिरीवर काही मिळणार नव्हतं, पण तिला नुसतं चालायचं होतं. नाल्याच्या वाळूत पाय भाजत होते. ती मनात भांडत होती: नवऱ्याशी, कटरवाल्याशी, काच वर करणाऱ्या ड्रायव्हरशी, गप्प बसलेल्या स्वतःशी. परत आली तेव्हा त्रिंबक तसाच इंजिनाला टेकून बसला होता. एकही वायर पुढं गेली नव्हती. तिनं कळशी ठेवली आणि पुन्हा केबिनमध्ये चढली. त्यानं चूक झाली म्हटलं नाही. तिनंही वाट बघितली नाही. पुढचा नंबर सांगितला.

असे दिवस गेले. एकेक मेंढरू पडत होतं. मेलेलं ओढून नाल्याच्या वळणाला टाकायचं कामही बायांचंच. पुंजारामआबा मध्ये येऊन बघून गेला. विहिरीचं पाणी रोज एक पायरी सोडतंय, लवकर करा, असं सांगून गेला. तो काही वाईट बोलला नव्हता, तरी त्रिंबक त्याच्या पाठीमागं तासभर शिव्या देत होता.

सगळे जोड झाले त्या दिवशी राम पुन्हा आला. नव्या इंजिनाला चोवीस व्होल्ट लागायचे, जुन्या ट्रकचं सगळं बाराचं. म्हणून दोन बॅटऱ्या मागं-पुढं जोडल्या होत्या. रामनं पेटीच्या क्लिपा दाबून बसवल्या, आणि दादा, बत्त्यांच्या वायरी काढून ठेवल्यात ना, असं विचारलं. त्रिंबक हो म्हणाला. पण त्याला बत्त्या म्हणजे फक्त मागच्या वाटल्या. चावी फिरवली तसे पुढचे दोन्ही दिवे फटकन पांढरे झाले आणि फुटले. वायपरच्या मोटारीतून निळा धूर निघाला. शीलानं झडप घालून बॅटरीची तार उपसली. हाताला चटका बसला.

मग दोघं भाऊ असे भांडले, की बाया घरातून बाहेर आल्या. राम म्हणाला, सांगितलेलं ऐकायचं नाही ही तुझी जन्माची खोड. त्रिंबक म्हणाला, तू वाळूजला पंख्याखाली बसून सांगतो, इथं दोघांची सालपटं निघू राहिली. राम म्हणाला, पंखा म्हणे, आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही, मोनिका दुसऱ्याच्या जारमधून तांब्यानं पाणी मागून आणते. हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं. सखूबाई उठली, दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आधी ते चालू करा, मग एकमेकाचे गळे धरा.

पेटी शाबूत होती, हे नशीब. राम कन्नडला जाऊन चोवीसचे बल्ब घेऊन आला. वायपर काढून टाकला, पाऊस कुठं पडायचा होता. दुसऱ्यांदा चावी फिरवली. सेल्फनं इंजिन गरागरा फिरवलं, पण ते पेटेना. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. त्रिंबकानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. राम मात्र आता शांत झाला होता. त्यानं बल्ब लावून एकेक वायर तपासली आणि चेसीजवळ थांबला. पेटीची अर्थिंग त्रिंबकानं जिथं आवळली होती तिथं रंगावर रंग चढलेला होता, वर्षानुवर्षांचा. रामनं पॉलिश पेपर घेऊन तिथं घासायला सुरुवात केली. निळा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली सासऱ्याच्या हातचा तांबडा, आणि शेवटी लोखंड. बोल्ट परत आवळला. चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. जुन्यासारखं धडधडलं नाही, नुसतं बारीक गुरगुरत राहिलं. त्रिंबकानं पेडल दाबलं तसा आवाज वर चढला. म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. सखूबाईनं टाकीला हात लावून कपाळाला लावला. शीलाला हसू आलं आणि तिनं रामकडं बघितलं. राम हसत नव्हता. तो हात धूत होता, आणि धुवून झाल्यावरही तसाच वाकून बसला होता.

उजाडल्यावर आबाच्या विहिरीवर जायचं ठरलं होतं. शीलानं टाकी आतून घासून ठेवली. ऊन अंगणात यायला आणि जीप यायला एकच गाठ पडली. जीपमधून इंद्रजीत उतरला. हा गावातल्याच मोठ्या घरचा, आता संभाजीनगरला बायपासच्या कडेला इमारती बांधायचा. सोबत एक ड्रायव्हर होता. इंद्रजीतनं ट्रकभोवती चक्कर मारली, वाकून इंजिन बघितलं, आणि त्रिंबकाच्या पाठीवर थाप मारली. काम नामी झालंय म्हणाला. साइटवर नवे स्लॅब टाकलेत, पाण्यावाचून तडकतील, म्हणून गाडी आजच नेतो.

त्रिंबकाला काही कळेना. मग रामनं खाली बघत सांगितलं. उलटलेली गाडी इंद्रजीतची होती. इंजिन त्यानं दिलं ते याच बोलीवर, की पावसाळ्यापर्यंत ट्रक त्याच्या साइटवर पाणी वाहील. कंपनीतलं रामचं काम महिनाअखेर संपत होतं, आणि इंद्रजीतनं त्याला साइटवर मुकादम म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं.

"तुला सांगणार होतो, दादा," राम म्हणाला. "तू ऐकलं नसतं. आन इंजिन आलं नसतं तर ट्रक भंगारातच गेला असता."

शीला चहाची कपबशी घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडं बघत होती. आता हा फुटेल, असं तिला वाटलं. इतके दिवस हा वायरीवर ओरडला, उन्हावर ओरडला, भावावर, देवावर, तिच्यावर ओरडला. आता ओरडायचं ठिकाण समोर उभं होतं. त्रिंबकानं फडक्यानं हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसले.

"रामनं शब्द दिलाय म्हणल्यावर," तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं. आवाज असा, की कोणाच्या दारात ताक मागायला आलाय.

 शीलानं कपबशी तिथंच मातीत ठेवली. ट्रकला वळसा घालून पलीकडच्या दारानं ती केबिनमध्ये चढली. पुरुष रस्त्याचं बोलत होते, कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं. पेटी सीटमागं बसवलेली होती. बोल्ट तिनंच आवळले होते, दहाचा पाना सीटखालीच पडलेला होता. तिनं क्लिपांच्या खिळ्या दाबल्या, दोन्ही जुडगे अलगद ओढले, बोल्ट फिरवून काढले. पेटी पदरात गुंडाळली, उतरली, आणि घराच्या उंबऱ्यापुढच्या दगडावर सखूबाईशेजारी जाऊन बसली. पेटी मांडीवर.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. काहीच झालं नाही. दोनदा, तीनदा फिरवली. राम केबिनमध्ये चढला आणि लगेच उतरला. त्यानं सगळीकडं बघितलं आणि त्याची नजर शीलाच्या मांडीवर येऊन थांबली.

"वैनी, पेटी द्या."

"कोणाची?"

"इंजिनाची."

इंद्रजीत पुढं आला. तो चिडला नव्हता, निदान तसं दाखवत नव्हता. वहिनी, बोली झालेली आहे, इंजिन माझं आहे, असं समजावणीच्या सुरात म्हणाला.

"व्हय, तुमचंय," शीला म्हणाली. "चेनकप्पी आणा, त्याच लिंबाला बांधा, आन काढून न्या. तवा पेटीबी देते. पण ट्रक माझ्या सासऱ्याचाय. तो मेंढरं पाण्यावाचून मरू राहिली आसताना तुमच्या भिंतींना पाणी पाजायला नाय जायचा."

"शीला, दे ती," त्रिंबक ओरडला. आता त्याचा आवाज नेहमीसारखा होता, वस्तीभर ऐकू जाईल असा. तो तरातरा तिच्याकडं आला.

शीला उठली नाही. "आवाज हाय की तुमच्यात," ती म्हणाली. "मघाशी कुठं व्हता? का माझ्यापुरताच ठेवलाय?"

त्रिंबक जागच्या जागी थांबला. त्याचा हात अर्धा उचललेला होता. तो मारायला उचलला होता का पेटी घ्यायला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सखूबाई नुसती सरकली आणि सुनेला खेटून बसली, असं की पेटीपर्यंत पोचायचं तर आधी म्हातारीला ओढावं लागलं असतं. वस्तीवरच्या बाया एकेक करून येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या काखेत लेकरू. त्यांनी काही केलं नाही. फक्त घरी गेल्या नाहीत.

इंद्रजीतनं ट्रककडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. इंजिन काढायचं म्हणजे पुन्हा मिस्त्री, पुन्हा दिवस, आणि काढून बसवायचं कशात. त्यानं विचारलं, किती दिवस पाहिजेत.

"आबाच्या विहिरीत पाणी हाय तवर."

तो हसला. ती विहीर त्याला लहानपणापासून माहीत होती. "बरं," तो म्हणाला. "विहिरीनं तळ दाखवला की त्याच दिवशी गाडी साइटवर. चालवायला त्रिंबक. पावसापर्यंत घरी यायचं नाय."

शीलाला कळलं, की तिनं ट्रक थोडे दिवस मिळवला आणि नवरा देऊन टाकला. पण बोली तिनंच केली होती. तिनं मान हलवली. इंद्रजीत जीपमध्ये बसला. राम त्याच्या मागं गेला. जाताना तो आईच्या पाया पडायला वाकला, तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही.

जीप नाल्यात उतरली तशी शीलानं पेटी जागेवर नेऊन बसवली. आणि ट्रक आबाच्या विहिरीकडं निघाल्यावर तिनं बायांना गोळा केलं. रोज थोडं-थोडं पाणी आणलं, तर ते रोज संपणार, आणि विहीर तर उन्हानंही आटणार. त्यापेक्षा सगळं पाणी इकडं आणून ठेवायचं. मग विहिरीनं तळ दाखवला काय अन् नाही काय. एक म्हातारी म्हणाली, आन ठेवायचं कशात. शीलानं मेंढरांच्या वाड्यामागची खोलगट जागा दाखवली.

बायांनी खड्डा खणला. वर मुरूम, खाली कठीण. टिकाव उडायचा, हाताला फोड यायचे, फोड फुटून दांड्याला चिकटायचे. पुंजारामआबाच्या मोडक्या शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद बांधावर वाळत पडला होता. सखूबाई स्वतः जाऊन मागून आली. फाटलेल्या जागी डांबर लावून ठिगळं दिली. त्रिंबक उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत खेपा घालत होता. जेवायला उतरायचा नाही, भाकरी हातात घेऊन चालवायचा. शीलाशी कामापुरतंही बोलत नव्हता. टाकीचा वॉल्व्ह उघडायचा, पाणी खड्ड्यात सोडायचा आणि दुसरीकडं बघत उभा राहायचा. नवं इंजिन बांधावर चढताना कुरकुरसुद्धा करायचं नाही. आबा एकदा तावातावानं आला. माझ्या विहिरीचा असा उपसा करायची बोली नव्हती म्हणाला. सखूबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि औंदा दोन्ही वावरांत मेंढरं बसवू म्हणून सांगितलं. तो पुटपुटत गेला.

खड्डा काठोकाठ भरला. बायांनी त्यावर बांबू आडवे टाकले, जुनी लुगडी, गोणपाटं पसरली, वर काट्या रचल्या, म्हणजे ऊन आणि ढोरं दोन्ही दूर. मोजून वापरलं तर पावसापर्यंत पुरेल, असं वाटत होतं. पाऊस वेळेवर आला तर. नंतर एका दुपारी त्रिंबक रिकामी टाकी घेऊन आला. विहिरीच्या तळाशी खडक उघडा पडला होता.

इंद्रजीतला कुणी कळवलं कोण जाणे, संध्याकाळच्या आत रामचा फोन आला. शीलानं तो घेतला नाही. सखूबाईनं घेतला, हां-हूं केलं आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकानं अंथरूण गुंडाळून केबिनमध्ये टाकलं. शीलानं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून सीटवर ठेवला. टायरजवळ उभा राहून तो बराच वेळ काहीतरी तपासत राहिला. तपासण्यासारखं काही नव्हतं. मग तो वर चढला, दार लावलं, आणि खिडकीतून खाली तिच्याकडं बघितलं.

"मी त्या दिवशी बोलायला पाहिजे व्हतं," तो म्हणाला.

"व्हय," शीला म्हणाली. "पाहिजे व्हतं."

तिनं पुढं काही म्हणावं म्हणून तो थांबला. राहू द्या, झालं ते झालं, असं काहीतरी. एरवी ती म्हणालीही असती. जाणाऱ्या माणसाला असं पाठवू नये, हे तिला कळत होतं. पण तिच्याजवळ ते नव्हतं, आणि नसलेलं आणायचं कुठून.

त्रिंबकानं चावी फिरवली. इंजिन पहिल्याच चावीला लागलं, एवढंसंही अडखळलं नाही, आणि शीलाला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.